वीतभर

लॉन्ड्रीच्या दुकानात त्याला कुणी मारलं नव्हतं, तरी तो पडला.

झालं ते एवढंच. रविवारची सकाळ, साडेआठचा सुमार, दुकानात दोनच गिऱ्हाईकं. तो इस्त्रीला टाकलेला पांढरा शर्ट घ्यायला आलेला, आणि शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ धुऊन आलेला कोट तिथल्या तिथं अंगात घालून बघत होते. त्यांचा हात बाहीत कोपरापाशी अडकला, त्यांनी जोर केला, आणि मोकळी झालेली मूठ सपकन बाहेर येऊन याच्या हनुवटीसमोरून वीतभर अंतरावरून निघून गेली. लागली नाही. वारासुद्धा लागला नाही म्हटलं तरी चालेल. पण याची मान झटक्यानं फिरली, मानेमागोमाग खांदा, खांद्यामागोमाग कंबर, मग एक गुडघा दुमडला, आणि पन्नाशी केव्हाच ओलांडलेला हा धिप्पाड माणूस अर्धी गिरकी घेऊन कपड्यांच्या दांडीला आडवा गेला, आणि दोन पडदे व कुणाचीतरी विजार बरोबर घेऊन खाली आला. टेकताना त्याच्या तळहातानं फरशीवर फाडकन आवाजही काढला. आवाज फार चांगला आला, हे त्याला पडल्या पडल्याच कळलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

“लागलं का हो?” लॉन्ड्रीवाला काउंटरवरून वाकून म्हणाला.

“नाही.”

“माझा हात लागला वाटतं,” कोटवाले गृहस्थ घाबरून म्हणाले. त्यांची दुसरी बाही अजून लोंबत होती. स्वतःच्या मुठीकडे ते असे बघत होते, जणू ती घरात इतकी वर्षं होती आणि आपण कधी नीट पाहिलीच नाही. “माफ करा. माझं लक्षच नव्हतं.”

“नाही लागला.”

“मग पडलात कसे?”

यानं विजार उचलून झटकली. लॉन्ड्रीवाल्यानंच सोडवलं. “अहो, ओळखलं नाहीत का? सिनेमातले हे. यांचं कामच आहे ते.” गृहस्थांनी चष्मा सारखा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “खरंच की. तुम्हाला त्या गच्चीवरून टाकलं होतं.”

“टाकलं होतं.”

“मला वाटलं मेलात.”

“मेलो होतो,” तो म्हणाला आणि पडदे दांडीवर नीट लावून, शर्टाची पिशवी उचलून बाहेर पडला.

एरवी त्यानं ही गोष्ट घरी येईपर्यंत तिखटमीठ लावून तयार केली असती. चारचौघांत हसं होणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण आज रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःच्या उजव्या हाताकडे बघावंसं वाटलं. हा हात कुठे होता मघाशी? मूठ तोंडावर येते तेव्हा हात वर यायचा असतो, मनगट ते कोपर दाराच्या अडसरासारखा सरळ चेहऱ्यासमोर धरायचा असतो. विचार करून नव्हे, आपसूक. नवव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. आणि आज मूठ आली तेव्हा हात खाली लोंबत राहिला, शर्टाची पिशवी धरून, आणि उरलेलं सगळं अंग मार खायला धावलं. तेही आज. आज अकरा वाजता त्याला सरांकडे जायचं होतं. गेल्या एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

सरांचा कराटेचा क्लास म्हणजे सुताराच्या कारखान्यावरची एक लांबलचक खोली. खालून भुशाचा वास यायचा आणि करवत चालू झाली की जमीन तळपायांना गुदगुल्या करायची. बावीस पायऱ्या चढून गेलं की दार, आणि दारात कधी कधी सर. रोज नव्हे. रोज असते तर त्यात काय अर्थ होता? कधी असतील ते कळायचं नाही, हीच तर गंमत. ओळख नाही, शब्द नाही, दारात पाऊल टाकलं की सरांची मूठ सरळ नाकावर यायची. हात वर आला, अडवली, की सर काही न बोलता बाजूला व्हायचे आणि आत जायचं. नाही अडवली तर ती नाकापासून जवभर अंतरावर थांबायची. तिथंच राहायची. मुठीवरचे केस मोजता यायचे. मग सर म्हणायचे, “आज घरी जा. उद्या ये.” कधी कुणी वाद घातला नाही. पहिल्या तीन वर्षांत तो अकरा वेळा घरी परत गेला. त्याचे वडील शिंपी होते, मशीनवरून मान वर न करता विचारायचे, “आज पुन्हा नाकाशी थांबला का गाडा?” बारावं वर्ष लागल्यावर मात्र पुढे एकदाही त्याला असं घरी परतावं लागलं नाही. चौदा वर्षं. सर त्याला काडी म्हणायचे, कारण तेव्हा तो काडीसारखा होता, आणि काडीसारखाच पेटायचा. हे दुसरं कारण सरांनी कधी सांगितलं नाही, त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

घरी बायको चहा घेऊन बसली होती. पिशवीतून शर्ट काढून तिनं उलगडला आणि म्हणाली, “एवढा कशानं चुरगळला? इस्त्री केली का हत्तीखाली दिला?”

“पडलो.”

“कुणी मारलं?”

“कुणी नाही मारलं, म्हणून तर.” मग त्यानं सगळं सांगितलं. ती आधी हसू दाबत होती, पडदे आले तेव्हा तिचा नाइलाज झाला, विजार आली तेव्हा कप खाली ठेवावा लागला. त्याला राग आला नाही. या हसण्यावर त्यानं जवळजवळ सगळा संसार केला होता. त्याच्या प्रत्येक सिनेमाला ती पहिल्या दिवशी जायची, आणि तो कितव्यांदा मेला याचा हिशोब तिनं ठेवला होता. आजवर त्रेचाळीस. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” डोळे पुसत ती म्हणाली, “तुमची तर त्रेचाळीस वेळा मरूनही गेली नाही.”

“हसू नकोस. अकरा वाजता सर दारात असणार.”

ती हसायची थांबली. इतक्या वर्षांत ती सरांना एकदाही भेटली नव्हती, पण घरातल्या एखाद्या जुन्या दुखण्यासारखे तिला ते माहीत होते. तिनं शर्ट पुन्हा टेबलावर पसरला, इस्त्री लावली, आणि तापेपर्यंत अचानक आपला हात त्याच्या तोंडासमोर सटकन नेला. त्यानं नुसती पापणी मिटली.

“बघा, माझ्यापुढे नाही पडलात.”

“तुझा हात येणार ते आधी कळतं.”

“इतक्या वर्षांनी तेवढं तरी कळायलाच हवं,” ती म्हणाली. “गुडघ्याचा पट्टा बांधून जा. बावीस पायऱ्या आहेत ना?”

पट्टा बांधून, पांढरा शर्ट घालून तो चालतच निघाला. अर्ध्या तासाची वाट होती आणि त्याला तेवढी हवी होती. रविवारची दुकानं निम्मी उघडी, निम्मी बंद. एका भिंतीवर त्याच्या चालू सिनेमाचं पोस्टर लागलेलं, त्यात हिरोच्या खांद्यामागे त्याचं डोकं सुपारीएवढं. या सिनेमात तो कुस्ती-कराटे शिकवणारा म्हातारा मास्तर होता आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मरत होता, म्हणजे मग हिरोला उरलेले दोन तास सूड घ्यायला कारण मिळत होतं. त्याला या भूमिकेचं वाईट वाटलं नव्हतं. चौथा गुंड म्हणून सुरुवात केली, मग हिरोचा डुप्लिकेट, मग खलनायकाचा उजवा हात, मग मधेच कुणाची तरी बुद्धी फिरली म्हणून सहा सिनेमांत चक्क हिरो, त्यातले दोन बऱ्यापैकी चाललेले, मग नायिकेचा कडक बाप, मग टोपीवाला पोलीस अधिकारी आणि आता मरणारा मास्तर. जिना चढावा तशी माणसं वर जातात, तो मात्र गच्चीपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूनं सावकाश खाली उतरला होता. उतरतानाच दृश्य जास्त नीट दिसतं, असं त्याचं मत होतं.

पहिला दिवस त्याला अजून जसाच्या तसा आठवत होता. फाइट मास्टरला स्पर्धेतून चार दणकट माणसं हवी होती, त्यात हा होता, दोन कप जिंकलेला, नोकरी नसलेला. त्याला सांगितलं, याला मार. यानं मारलं. समोरचा माणूस कळवळून खाली बसला आणि कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, काही दिसलंच नाही, पुन्हा. यानं पुन्हा मारलं. मग फाइट मास्टर त्याला बाजूला घेऊन गेला. तो ओरडेल असं याला वाटलं होतं, पण तो समजुतीनं बोलला. “तू मारलंस ते खरं होतं. पण दिसलं नाही. इथं दिसलं नाही ते झालंच नाही.” याच्या डोक्यातली सतरा वर्षं तिथल्या तिथं उलटी झाली. सर शिकवायचे, हात निघालेला समोरच्याला दिसता कामा नये. इथं तो शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसायला हवा होता. सर म्हणायचे, जवभर अलीकडे थांब. इथं वीतभर बाजूनं जाऊ दे. जवभर ठेवलंस तर एखादे दिवशी कुणाचे दात जातील, दोन विती ठेवल्यास तर कॅमेऱ्याला कळेल की हवेला मारतोस. एक वीत.

आणि मार खायला त्याला गादीभाऊनं शिकवलं. गादीभाऊ म्हणजे साठीला आलेला, चपटा, शांत माणूस. सेटवर कुठेही, कशावरही पडायचा आणि उठून कपडे झटकायचा, म्हणून त्याचं नाव गादी. “मारणाऱ्याचं काय आहे,” तो विडी ओढत सांगायचा, “तो नुसता हात फिरवतो. मार किती बसला ते खाणारा ठरवतो. आधी मान, मग खांदा, मग कंबर. घाई करू नकोस. सगळं अंग एकदम पाठवलंस तर ढकलल्यासारखं दिसतं.” संध्याकाळी सेट रिकामा झाला की दोघं जुन्या गाद्यांवर तासन्‌तास पडत. तळहातानं जमिनीवर आवाज काढायचा तोही तिथंच शिकला. आणि त्याला ते आवडलं. ही गोष्ट त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. क्लासमध्ये समोरच्या माणसाचं अंग वाचायचं ते त्याला थांबवण्यासाठी. इथं समोरच्याचं अंग वाचायचं ते त्याला मोठं करण्यासाठी. एखादा हडकुळा, झोप न झालेला, घाबरलेला नट लटपटत हात फिरवायचा, आणि हा त्या हाताखाली असा उडायचा की त्या नटाचा स्वतःवरच विश्वास बसायचा. पुढच्या टेकला त्याची छाती पुढे यायची. असे किती हिरो त्यानं आपल्या पडण्यानं उभे केले होते. काही जण तर याच्याशिवाय मारामारीला उभेच राहत नसत. हे खोटं होतं का? असेल. पण त्यात कुणाचं नाक फुटत नव्हतं आणि दोघंही हसत घरी जात होते.

सरांना ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं. खोटं वाटलं असतं तर बोलता आलं असतं. पहिला सिनेमा लागला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो क्लासमध्ये गेला होता, नवे बूट घालून. दारात सर होते. यानं पाऊल टाकलं, हात तयार ठेवला, आणि सरांनी मूठ उचललीच नाही. पोस्टमनला वाट द्यावी तसे ते नुसते बाजूला झाले. तो आत जाऊन उभा राहिला. खालची करवत चालू होती. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “त्या हिरोचा अंगठा आत होता.” बस, एवढंच. अंगठा मुठीच्या आत घेऊन मारणाऱ्या माणसाच्या एका फटक्यानं त्यांचा काडी आडवा झाला होता, पंधरा फूट रुंदीच्या पडद्यावर, गावभर. मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवायचा, हे ते पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत शिकवत. त्यानं बूट घातले आणि तो उतरला. येऊ नकोस असं सर म्हणाले नव्हते, पुन्हा येणार नाही असं तोही म्हणाला नव्हता. दिवस गेले, मग वर्षं गेली, आणि न जाणं हीच सवय झाली. पण गच्चीवरून पडताना, काचेतून जाताना, प्रत्येक शॉटच्या आधी तो समोरच्याच्या मुठीकडे बघायचा, आणि अंगठा आत असला तर हळूच म्हणायचा, “तेवढा अंगठा बाहेर घ्या, साहेब.” सगळ्या धंद्यात तो त्याबद्दल ओळखला जात होता. काही जण चिडायचेसुद्धा.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे सरांची मुलगी, याच्याहून दोन वर्षांनी मोठी, लहानपणी हिनं याला दोनदा चांगलं बदडलं होतं, आता क्लास तीच चालवत होती. “बाबांना रविवारी पंच्याऐंशी पूर्ण होतायत,” ती म्हणाली. “जुन्या पोरांना एकेक करून येऊ दे म्हणतात, मी दारात उभा राहीन.”

“मला पण?”

“यादी त्यांनीच सांगितली. मी लिहून घेतली. तुझं खरं नाव त्यांना आठवेना, काडी लिही म्हणाले.” मग आवाज खाली आणून, “डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा अंदाज चुकतो रे. चहाचा कप टेबलाच्या अलीकडेच सोडतात. चार कप फोडले. पण विषय काढायचा नाही.” त्यानं हो म्हटलं, पण त्याच्या मनात कप वगैरे राहिले नाहीत. यादीत नाव होतं, म्हणजे सर दारात असणार. प्रश्न इतकाच की मूठ उचलणार, की पुन्हा बाजूला होणार. आठवडाभर त्याला हीच एक भीती होती. आज सकाळपासून तिला दुसरी येऊन मिळाली होती. मूठ उचलली, आणि हात वर आलाच नाही तर? पंच्याऐंशीव्या वर्षी सर म्हणणार, आज घरी जा, उद्या ये. असे कितीसे उद्या उरले होते?

जिना तोच होता. भुशाचा वासही होता, करवत मात्र रविवारची बंद होती. तो मनातल्या मनात पायऱ्या मोजत चढला. अठराव्या पायरीला गुडघा बोलला, विसाव्या पायरीला त्यानं उजवा हात मोकळा केला, बोटं उघडझाप केली. दाराबाहेर चपलांचे जोड ओळीनं लावलेले. आतून बोलणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. त्यानं चपला काढल्या आणि दारात पाऊल टाकलं.

सर फार लहान झाले होते. त्याच्या खांद्याइतकेच उरले होते. पांढऱ्या गणवेशात कोपरं आणि मान तेवढी दिसत होती. डोळे त्याच्याकडे होते, पण त्याच्या जरा अलीकडे कुठेतरी बघत होते. हे सगळं त्यानं एका क्षणात बघितलं, आणि मग मूठ आली.

आली. ते बाजूला झाले नाहीत. त्याच्या अंगातून एकदम असं काही सुख वर आलं की बाकी सगळं तो विसरला. मूठ निघाली ती तीच जुनी, खालून वर, खांदा न हलवता, पण नाकावर येण्याऐवजी ती गालाच्या बाजूनं वीतभर अंतरावरून गेली, आणि त्याच्या अंगाला तेवढंच पुरलं. आधी मान, मग खांदा, मग कंबर. तो अर्धी गिरकी घेऊन उंबरठ्यावरून आतल्या चटईवर आडवा गेला, आणि तळहाताचा आवाज खोलीच्या पार त्या टोकाला जाऊन परत आला.

खोलीत सहा-सात जुनी पोरं भिंतीला टेकून बसली होती. पोट सुटलेली, टक्कल पडलेली, पन्नाशीची पोरं. ताईनं ओठांवर हात ठेवला होता. सर हळूहळू त्याच्याकडे वळले.

“लागला नाही,” सर म्हणाले.

“नाही, सर.”

“मग पडलास कशाला?”

सकाळपासून हाच प्रश्न त्याच्यामागे लागला होता. आता चटईवर पाठ टेकून, छताकडे बघत, त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. “तुम्ही मारलंत म्हणून,” तो म्हणाला.

सरांनी स्वतःची मूठ तोंडाजवळ आणून बघितली. “किती चुकला?”

ताई काहीतरी बोलायला पुढे झाली, त्याआधीच तो म्हणाला, “वीतभर.”

“हं. कपही वीतभरच चुकतो.”

“आमच्याकडे वीतभरच लागते, सर. कमी झाली तर माणूस जायबंदी होतो, जास्त झाली तर कॅमेऱ्याला कळतं. ती वीत साधायला लोकांची दोन-दोन वर्षं जातात.”

“म्हणजे तुमच्या हिशोबानं बरोबर होता?”

“एकदम बरोबर होता.”

सरांनी त्यावर विचार केला. मग म्हणाले, “असं आत यायचं नसतं. बाहेर जा. पुन्हा ये.”

तो उठला, गुडघ्याला हात लावून बाहेर गेला, दोन पायऱ्या उतरला आणि पुन्हा चढला. आता त्याला भीती वाटत नव्हती. पडलो तर पडलो, असं त्यानं स्वतःशी म्हटलं आणि दारात पाऊल टाकलं. पण सर म्हणजे सरच. त्यांनी मधल्या वेळात वीत मनात वळती करून घेतली होती. मूठ सरळ नाकावर आली, हळू, पण सरळ. आणि त्याला कळायच्या आत त्याचा हात वर होता. मनगट ते कोपर, आडवा. फक्त, हाडावर हाड आपटलं नाही. गेल्या तीस वर्षांत त्यानं इतक्या नाजूक, महागड्या चेहऱ्यांच्या माणसांचे हात अडवले होते की अडवताना किंचित मागे यायचं, वजन आपल्याकडे घ्यायचं, हे त्याच्या हाताला त्याला न विचारता कळत होतं. सरांचं मनगट त्याच्या हातावर बशीवर कप ठेवावा तसं येऊन टेकलं.

सरांनी ते लगेच काढून घेतलं नाही. “हात हलका झालाय तुझा,” ते म्हणाले.

“हो.”

“इथं असा नव्हता.”

“नाही. तिकडे झाला.”

“बरं आहे,” सर म्हणाले. मग त्यांनी मनगट काढून घेतलं. “चपला वेड्यावाकड्या काढल्यास. सरळ लाव आणि ये आत.”

तो वाकून चपला सरळ करत होता. आत जुन्या पोरांची कुजबुज सुरू झाली होती, ताई कुणाला तरी चहाचं सांगत होती. त्याच्या डोक्यावरून सरांचा आवाज आला, एवढा हळू की तो फक्त त्यालाच ऐकू यावा.

“काडी.”

“हो, सर?”

“मघाशी पडलास ना. माझ्या हातात तेवढा जोर आहे असं वाटलं?”

त्यानं मान वर केली. म्हाताऱ्याचा चेहरा तसाच होता, कडक, पण डोळे आता त्याच्या डोळ्यांचा नीट ठाव घेऊ बघत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. खोटं बोलायचं नव्हतं, आणि बोलावं लागलंही नाही. फाइट मास्टरचे शब्द आयते तयार होते.

“दिसला, सर,” तो म्हणाला. “सगळ्यांना दिसला.”

सर हसले नाहीत. त्यांनी खोलीकडे तोंड केलं, घसा साफ केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मागच्यांना नीट दिसलं नसेल. अजून एकदा होऊ दे.” मग त्यांनी मूठ वळली. अंगठा बाहेर होता. चपला सरळ लावून तो उठला, आत गेला आणि त्या मुठीपासून मोजून वीतभर बाजूला उभा राहिला.